दुपारची ड्यूटी

कोकणातलं घर, आंबे, समुद्र, चुलतभावंडं... मे महिना म्हणजे फुल्टू धमाल! पण ही धमाल नेमकी घडवतं कोण? पाच पोरांना घेऊन नऊ दिवस आंजर्ल्याला राहिल्यावर मिळालेलं उत्तर.

“तुला काय, तू तर फ्रीच आहेस!”

हे वाक्य दादाचं. वेळ रविवार संध्याकाळची. झालं होतं असं, की दादाच्या दोन्ही मुलांचे समर कॅम्प संपले होते आणि वहिनीचं प्रोजेक्ट नेमकं गो-लाइव्हला आलं होतं. तिकडे ताईकडे मुलांना सांभाळणाऱ्या मावशी गावाला गेल्या होत्या. एरवी सगळ्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे आमची आई, पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मग उरलं कोण? अस्मादिक. वय वर्षं एकोणतीस, नोकरी हिंजवडीत, लग्न नाही आणि खात्यात साठलेल्या रजा भरपूर. आमच्या घरच्या डिक्शनरीत यालाच ‘फ्री’ म्हणतात.

खरं सांगू? मी फार आढेवेढे घेतलेच नाहीत. कारण जायचं होतं आंजर्ल्याला. दापोली तालुक्यातलं, जोग नदीच्या मुखाशी वसलेलं हे आमचं गाव. तिथे काका-काकू राहतात. कौलारू घर, पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगराच्या पलीकडे समुद्राची गाज. लहानपणीचा प्रत्येक मे महिना मी तिथे काढलाय. चुलत, आते मिळून आम्ही अकरा भावंडं असायचो. शाळेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी एस.टी. आणि थेट जूनमध्ये, काळेकुट्ट होऊन परत. आपण खाल्लं, खेळलो, भांडलो, झोपलो, एवढंच डोक्यात राहिलेलं. म्हटलं, त्यात काय, पोरांना घेऊन जायचं आणि सोडून द्यायचं!

टीम इलेव्हन नव्हे, टीम फाइव्ह

आधी टीमची ओळख करून देते. थोरली, वय दहा, दादाची लेक. पुस्तकातून डोकं वर काढत नाही, पण काढलं की थेट नेतृत्व करते. मग प्रश्नपत्रिका, वय आठ, ताईचा मुलगा. याची वाक्यं ‘का’नं सुरू होतात आणि ‘पण का?’नं संपतात. मग जुळ्या, वय सहा, ताईच्याच. एकीला जे हवं, ते दुसरीला त्याच सेकंदाला हवं असतं. आणि शेंडेफळ, वय साडेतीन, दादाचा धाकटा. यातले दोघं मला आत्या म्हणतात, तिघं मावशी. त्यामुळे दिवसभर मला दोन-दोन नावांनी हाका.

दादानं गाडीतून सोडलं. ताम्हिणी घाटात जुळ्यांपैकी एकीला उलटी झाली. ती पाहून दुसरीला झाली. माणगाव येईपर्यंत प्रश्नपत्रिकेनं ‘घाटाला घाट का म्हणतात?’ हे सात वेळा विचारलं होतं. मंडणगड ओलांडून खाली उतरताना खारा वारा आत आला आणि पाचही जण एकदम गप्प झाले. समोर समुद्र होता. मीपण गप्प झाले. हा एक क्षण दरवर्षी तसाच येतो हो!

आमच्या लहानपणी हर्णैच्या बाजूनं आलं की खाडी तरीतून ओलांडावी लागायची. आता पूल झालाय. पुलावरून येताना मात्र तरीतली ती पायाला लागणारी थंडगार लाट आठवते, आणि आठवतं की तरीत बसताना काकू कायम सगळ्यात शेवटी चढायची. का, हे कधी विचारलं नव्हतं.

दादानं जेवून हात धुतले, “एंजॉय करा!” म्हणाला आणि सोमवारच्या मीटिंगसाठी पुण्याला पळाला.

मऊ भात ते पाढे

काकूचा दिवस पाचला सुरू होतो. न्हाणीतलं चुलाण पेटतं, धुराचा वास माजघरात येतो आणि मग एकेक डोकं उठतं. सकाळी सगळ्यांना मऊ भात. त्यावर मेतकूट, घरचं तूप, कडेला लोणच्याचा खार आणि भाजलेला पोह्याचा पापड. पहिल्या दिवशी जुळ्यांनी “चॉकोज नाहीत?” म्हणून तोंडं वाकडी केली. तिसऱ्या दिवशी “अजून” म्हणून ताटल्या पुढे करत होत्या. काकूनं यावर काही टिप्पणी केली नाही. तिनं फक्त पातेलं मोठं घेतलं.

मग आगराचं शिपणं. पंप सुरू झाला की पाटातून पाणी धावत सुटतं आणि त्याच्या मागे पाच पोरं. कागदी होड्या, चिखल, आरडाओरडा. आंघोळी तिथेच उरकतात. त्यानंतर रायवळ आंब्यांची बादली. हापूस कापून खायचा, रायवळ चोखून खायचा, हे शिक्षण पहिल्याच दिवशी झालं. चीक लागून शेंडेफळाचं तोंड सुजलं, त्याला खोबरेल लावलं. बरका फणस फोडला, तेव्हाही हाताला आधी तेल. आठिळा धुऊन वाळत घातल्या. प्रश्नपत्रिकेनं विचारलं, “आजी, फणसाला काटे का असतात?” काकू म्हणाली, “तुझ्यासारख्यांनी कच्चा पाडू नये म्हणून.” आयुष्यात पहिल्यांदा त्याला ‘पण का?’ सुचलं नाही.

मी यात कुठे होते? सुरुवातीला फोटो काढत होते. मस्त रील होईल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की पाच मुलं म्हणजे दिवसाला वीस ताटं-वाट्या, दहा जोड कपडे, किमान तीन भांडणं, दोन खरचटलेले गुडघे आणि एक ‘मला आईकडे जायचंय.’ हे सगळं एका माणसाच्या हातून जात होतं, आणि ते माणूस मी नव्हते.

कड्यावर आणि किनाऱ्यावर

संध्याकाळच्या भटकंतीची ड्यूटी मात्र माझी. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्या चढून गेलो. उजव्या सोंडेचा गणपती. मूळ देऊळ खाली किनाऱ्याजवळ होतं, समुद्र आत सरकू लागला तेव्हा देव उठून कड्यावर जाऊन बसला आणि जाताना वाटेत एक पाऊल उमटलं, अशी कथा. ते पाऊल आजही दाखवतात. जुळ्यांनी आपापली पावलं शेजारी मोजून पाहिली. वरून खाडी, माडांची रांग आणि लांब पाण्यातला सुवर्णदुर्ग, असं सगळं एकदम दिसतं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा एक आहे म्हटल्यावर थोरलीनं पुस्तक मिटलं. कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी उतरतानाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पुरल्या.

थोरलीला खरं तर कासवं बघायची होती. पण ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडायचा सीझन मुख्यतः मार्च-एप्रिलचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि मग गावोगावचे लोक त्यात आले. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही आता घरटी राखली जातात. “म्हणजे अंडी घालून आई निघून जाते आणि गाववाले सांभाळतात?” थोरलीनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “आमच्यासारखंच.”

एक संध्याकाळ हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाला दिली. आमच्या लहानपणी होड्यांमधली मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरायच्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे मे अखेरची ही लगबग जोरात असते. टोपल्या, ओरडा, बोटांच्या खुणा. घरी मासळी चालत नाही, त्यामुळे आम्ही फक्त बघे. पण शेंडेफळानं जो खेकडा पाहिला, त्याची गोष्ट तो अजून सांगतोय.

चार डोकी

कोकणातली दुपार म्हणजे कर्फ्यू. जेवणं झाली की ओटीवर चटया पडतात, खिडक्या अर्ध्या मिटतात आणि सगळ्यांनी झोपायचं. नो अपील. लहानपणी आम्ही अकरा जण डोळे मिटून पडायचो आणि काकू झोपली की हळूच पत्ते काढायचो, असं मला वाटायचं.

चौथ्या दिवशी काकू म्हणाली, “जरा बघतेस काय गो यांच्याकडे? गुडघा फार ठणकतोय, पाठ टेकते.” म्हटलं, “बिनधास्त जा.” आणि दहाच मिनिटांत माझ्या फोनवर टीम लीडचा मेसेज. ‘जस्ट फाइव्ह मिनिट्स.’ मी रजेवर आहे, हे त्याला माहीत होतं. पण मीही नाही म्हटलं नाही, हे कबूल करायला हवं. घरात रेंज नाही, म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात गेले. पाच मिनिटांची चाळीस झाली.

परत आले तर ओटीवर चार डोकी.

मी पुन्हा मोजलं. चार. शेंडेफळाची उशी होती, तो नव्हता. माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. मी हाक मारायच्या आत काकू दारात उभी होती.

“किती?”

“चार.”

ती काही बोलली नाही. ठणकत्या गुडघ्यानं तरातरा मागच्या दारानं बाहेर पडली आणि सरळ विहिरीवर गेली. विहिरीला लोखंडी जाळी आहे, कुलूप आहे. तरीही ती आधी तिथेच गेली. वाकून पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं. मग आगराच्या टोकाचं बेडं. ते बंद होतं. मग गोठा, न्हाणी, लाकडांची खोप. मी तिच्यामागे नुसती धावत होते. समुद्राचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी पडवीलगतच्या अंधाऱ्या खोलीत तो सापडला. तिथे भाताच्या पेंढ्यात आंब्यांची अढी लावलेली असते. त्या पेंढ्यात हे महाराज गाढ झोपलेले. हातात अर्धा खाल्लेला हापूस, केसांत पेंढा, गालावर रस.

मला हसू आणि रडू एकदम आलं. काकू मात्र खोलीच्या उंबऱ्यावर बसली. तिचे दोन्ही हात थरथरत होते. आजवर काकूचे हात काही ना काही करताना पाहिले होते. नुसते थरथरताना पहिल्यांदाच पाहिले.

बावीस साड्या

रात्री पोरं झोपल्यावर आम्ही दोघी अंगणात बसलो. मी सॉरी म्हटलं. काकू म्हणाली, “तुझ्याएवढी होत्ये तेव्हा मलाही नाही जमलं. तुझा दादा चार वर्षांचा, विहिरीच्या कठड्यावर चढून बसलेला. तेव्हा जाळी नव्हती. तुझ्या काकांनी दुसऱ्याच दिवशी दापोलीहून माणूस आणून बसवून घेतली.” जरा थांबून म्हणाली, “त्यानंतर मे महिन्यात दुपारची मी काही झोपल्ये नाही.”

“म्हणजे? आम्ही पत्ते खेळायचो तेव्हा?”

“सगळं ऐकू यायचं हो! झब्बूत तू चोरी करायचीस तेही ठाऊक आहे. मी माजघराच्या दाराशी सुपाऱ्या सोलत बसायचे. अकरा डोकी मोजायची. तरीत, समुद्रावर, देवळात, पंक्तीत. रात्री अंथरुणावर पडले तरी मोजायचे.”

तीस वर्षं! आमच्या आया नोकरी करणाऱ्या, त्या शेवटच्या आठवड्यात यायच्या. यायच्या तेव्हा काकूला साडी आणायच्या. “बावीस साड्या आहेत पेटीत,” काकू म्हणाली. “नेसायच्या कुठे? एखादीनं आठवडाभर सकाळची भांडी घासली असती तर जास्त बरं झालं असतं.” हे ती रागानं बोलत नव्हती, हिशेब सांगावा तशी बोलत होती.

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी? आणि मला आवडायचं नाही असंही नाही हो. जूनमध्ये तुम्ही गेलात की घर खायला उठायचं. पण आवडणं वेगळं आणि न दमणं वेगळं.”

साने गुरुजींचं पालगड याच दापोली तालुक्यात. ‘श्यामची आई’ वाचून अख्खा महाराष्ट्र आईसाठी रडला. काकूसाठी रडायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

मग तिनं हळूच खरी गोष्ट सांगितली. पावसाळ्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ठाण्याला, मुलाकडे. “पुढच्या मे महिन्याचं आता काही खरं नाही. घर उघडेन की नाही, बघू.”

केळीची सावली

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर आगरात गेले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा या आगरातल्या निम्म्याहून अधिक पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर तेव्हा घरोघरी हीच कथा होती. लोकांचं वर्षाचं उत्पन्न गेलं, असं आपण म्हणतो. गेली होती ती झाडं. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. काकांनी त्याच पावसाळ्यात रोपं लावली आणि प्रत्येक रोपाच्या कडेला केळ. “लहान रोपाला ऊन सोसत नाही. सावली धरायला कुणीतरी लागतं,” काका म्हणाले. आता त्यातल्या काही झाडांवर पहिले घोस दिसतायत. मला ते दाखवताना त्यांचा चेहरा अगदी प्रश्नपत्रिकेसारखा झाला होता.

अंगणातल्या रेंजच्या कोपऱ्यातून मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, “अगं, काकूला आवडतं माणसं आली की!” मी विचारलं, “तू तिथे शेवटचं ताट कधी घासलंस?” पलीकडे शांतता. ताई म्हणाली, “आपण पैसे देतो ना पण?” मी म्हटलं, “हो, आणि साड्यापण.” त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. माझ्यावरही आलं, आणि बरोबरच होतं. तीस वर्षांतली शेवटची दहा मीसुद्धा मोठीच होते की! वीकेंडला जायचं, आयतं जेवायचं आणि ‘कोकण इज लव्ह’ म्हणून फोटो टाकायचा, हे मीही केलंय.

दोन दिवस भांडून एक गोष्ट ठरली. मे महिन्याचे चार आठवडे, प्रत्येक आठवड्याला आमच्यापैकी एक मोठं माणूस रजा टाकून इथे. पाहुणा म्हणून नाही, कामाला. पुरुषही आले यात. धुण्याभांड्यांना गावातल्या एक बाई, त्यांचा पगार आम्ही वाटून द्यायचा. आणि यातलं काही जमणार नसेल, तर सरळ पोरांना पाठवायचं नाही.

वाटलं होतं, काकू खूष होईल. कसलं काय! “म्हणजे म्हातारी झाले म्हणून मला रिटायर करताय होय?” म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी तुटकच वागली. तिच्या जागी मी असते तर मीही तशीच वागले असते. ज्या कामानं दमवलं, त्याच कामानं तिला या घराची मालकीणही केलं होतं. ते काढून घेताना आम्ही तिला विचारलंच नव्हतं. पुन्हा तेच!

मग मी विचारलं. “काकू, तुला नेमकं काय नकोय?”

तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, “स्वयंपाकघर माझं. त्यात लुडबुड नको. पण दुपार तुमची.”

शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर काकू ओटीवर आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली. मी माजघराच्या दाराशी बसले. फोन लांब ठेवला होता. मोजलं, पाच. थोड्या वेळानं थोरली येऊन शेजारी बसली. म्हणाली, “आत्या, मी मोजू का? मला येतं.” तिला खरंच येत असणार. पण मी तिला पत्ते दिले आणि परत पाठवलं. ही ड्यूटी इतक्या लवकर तिच्याकडे जायला नको.

प्रश्नपत्रिका चटईवरूनच कुजबुजला, “मावशी, आजी झोपली. का?”

“दमली म्हणून.”

“पण का?”

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, ये इकडे, सांगते.

पोरं घेऊन जाताय?

कसं जाल: पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगडमार्गे. मुंबईकरांना कोकण रेल्वेनं खेडला उतरून दापोलीमार्गे जाता येतं. घाटात पिशव्या आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा.

काय बघाल: कड्यावरचा गणपती, हर्णै बंदर, समुद्र शांत असेल तर होडीनं सुवर्णदुर्ग. कासवं बघायची असतील तर मेच्या आधी जा.

काय खाल: मऊ भात-मेतकूट, घावन, फणसाची भाजी, रायवळ आंबे. चिकासाठी खोबरेल मस्ट.

काय न्याल: टोप्या, जास्तीचे कपडे, पत्त्यांचे दोन कॅट. आणि ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांच्यासाठी साडी नको, स्वतःचे दोन हात न्या.